पहिला बार हलका हवा

मुलीने पिस्तूल उचललं, हात ताणला, पुढची साइट काळ्या गोलाच्या खाली आणून टेकवली. दहाएक सेकंद गेले. मग तिने हात सावकाश खाली घेतला आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. छर्रा सुटलाच नव्हता. मागे हाताची घडी घालून उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, "शाब्बास."

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत काढून जोडलेले. एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला कागदी टार्गेटं, मध्ये दहा मीटर. मुलगी आठवीतली. तिचे वडील माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "मारलं तर काहीच नाही, मग शाब्बास कशाबद्दल?" ताईंना ते ऐकू गेलं. "हात हलायला लागलाय हे तिचं तिला कळलं, म्हणून थांबली," त्या म्हणाल्या. "तसाच चाप ओढला असता तर एखादे वेळी दहासुद्धा लागला असता. पण ती सवय मोडायला मला पुढे महिने गेले असते."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, 'भीती'. माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेला प्रश्न त्यात नेमका बसत होता. कोवळ्या हातात पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर द्यायचं, तर त्या हातात भीती शिरू नये म्हणून जाणती माणसं काय करतात? अमेरिकेत आणि युरोपच्या काही भागांत याची एक घरगुती रीत आहे. काका, मामा, आजोबा यांपैकी कोणीतरी घरच्या घरी काडतुसं भरणारा असतो. घरातल्या मुलाची पहिली वेळ असली, की तो मुद्दाम कमी दारूची, हलक्या गोळीची काडतुसं भरून आणतो. आवाज बेताचा, धक्का त्याहून बेताचा. मूल दचकत नाही, आणखी एक मागतं. आपल्याकडे तसं काडतूस कोणी भरत नाही, कायद्याने भरताही येत नाही. मग मुंबईच्या उपनगरांतली मुलं पिस्तुलापर्यंत आणि रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचतात ती कशी, हे बघायला मी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशी फिरलो, आणि शेवटी बत्तीस बोअरच्या आवाजापाशी जाऊन थांबलो.

धक्का येतो कुठून

गोळी पुढे जाते तेव्हा हत्यार मागे येतं. गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार जेवढा, तेवढाच रेटा हाताला बसतो. जळालेल्या दारूचा वायू नळीतून सुसाट बाहेर पडतो, त्याची थोडी भर वेगळी. शाळेत न्यूटनच्या तिसऱ्या नियमाखाली हे आपण पाठ केलेलं असतं.

एअर पिस्तुलाचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो. हाताला काही कळतच नाही म्हटलं तरी चालेल. पॉइंट टू-टूची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि वेग जवळपास दुप्पट, म्हणजे रेटा दहापट. हा आकडा मोठा वाटतो, पण मुळात हवेच्या पिस्तुलाचा रेटाच इतका नगण्य, की दहापट होऊनही तो हातात मावतो. बत्तीस बोअरचं स्पर्धेचं काडतूस घेतलं तर गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर, आणि रेटा पॉइंट टू-टूच्या पावणेदोन पट. त्याच्या पुढे अडतीस बोअरचं नेहमीचं काडतूस, दहा ग्रॅमची गोळी. तिथे रेटा पुन्हा जवळजवळ दुप्पट.

आता यात एक मेख आहे, आणि दुकानात हौसेने हत्यार बघायला जाणाऱ्याला ती कोणी सांगत नाही. रेटा दुप्पट झाला, तर त्याच वजनाच्या हत्यारात हाताला सोसावी लागणारी ऊर्जा चौपट होते. आणि रेटा तोच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, तर ती दुप्पट होते. म्हणजे हलकं रिव्हॉल्व्हर जास्त उसळतं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. बाळगायला ते खरोखरच सोयीचं आहे. पण नव्या माणसाने शिकायचं असेल तर त्याच काडतुसासाठी किलोभर वजनाचं, लांब नळीचं रिव्हॉल्व्हर कितीतरी मऊ लागतं. बाळगायचं हत्यार एक आणि शिकायचं हत्यार दुसरं, हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं.

धक्क्याच्याही आधी येतो तो आवाज. बंद जागेत रिव्हॉल्व्हरचा आवाज कानावर नाही, छातीवर आदळतो. म्हणून नवख्याच्या कानात स्पंजचे बोळे आणि त्यावर कानांचं कवच, अशी दुहेरी तजवीज करतात. कान झाकले की धक्कासुद्धा कमी वाटतो, हे मी स्वतः अनुभवलं. आवाज आणि धक्का शरीर वेगवेगळे मोजत नाही. दोन्हींची मिळून एकच दहशत बसते.

आणि ती दहशत गोळी सुटल्यावर काही बिघडवत नाही. गोळी तोवर गेलेली असते. बिघाड होतो तो पुढच्या गोळीच्या आधी. आता दणका बसणार, हे शरीराला ठाऊक झालेलं असतं, म्हणून चाप पुरता ओढला जायच्या आत मनगट खाली झुकतं, खांदा पुढे येतो, डोळे मिटतात. नेमबाज याला 'फ्लिंच' म्हणतात. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवणाऱ्या पाच वर्षांच्या पोराकडे नीट बघा. चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे घट्ट मिटलेले असतात. त्या पोराला कोणी शिकवलेलं नसतं. पण एकदा का ही सवय खऱ्या हत्याराशी जोडली गेली, की ती सोडवताना भल्याभल्यांची वर्षं जातात.

कमी दारूचं काडतूस

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. पुंगळी पुन्हा वापरता येते. परदेशातले हौशी नेमबाज रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी नेतात, एका हातदाब्याच्या यंत्रावर जुनी टोपी काढून नवी बसवतात, दारू तोलून घालतात, वर गोळी दाबतात. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे काडतूस आपल्या मनासारखं करता येतं.

त्यातही नवशिक्यासाठी रिव्हॉल्व्हरच का, याला चोख कारण आहे. आपोआप भरल्या जाणाऱ्या पिस्तुलात पुंगळी बाहेर फेकायची आणि नवं काडतूस आत ओढायचं कामही तो धक्काच करतो. धक्का फार कमी केला तर पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोराने फिरतं, त्याला धक्क्याची गरजच नाही. त्यामुळे काडतूस कितीही सौम्य असलं, तरी रिव्हॉल्व्हर तक्रार करत नाही.

'कितीही' असं मी म्हटलं खरं, पण इथेच धोका बसलेला आहे. दारू वाजवीपेक्षा कमी झाली तर गोळी नळीच्या मध्येच अडकते. असा फुसका बार नवख्याला कळतसुद्धा नाही. आवाज थोडा बसका येतो, एवढंच. त्याने पुढचा चाप ओढला की मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. शिवाय मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू असली तर ती कधी टोपीपाशी असते, कधी गोळीपाशी, आणि दर वेळी वेगळी जळते. म्हणूनच हे काम तिकडेही छापील कोष्टकाबाहेर जाऊन करायचं नसतं, आणि ज्याने ते वर्षानुवर्षं केलंय त्यानेच करायचं असतं.

या अडचणीवरचा सुरेख तोडगा म्हणजे 'वॉडकटर' गोळी. तिला टोक नसतं. शिशाचा सपाट दट्ट्या असावा तशी ती असते आणि पुंगळीच्या तोंडापर्यंत आत दडवून बसवलेली असते. गोळीनेच आतली जागा व्यापल्यामुळे थोडीशी दारू एकसारखी जळते. वेग बेताचा, धक्का बेताचा, आणि सपाट तोंडामुळे कागदाला चिंध्या न पडता पंचिंग मशिनने पाडावं तसं गोल भोक पडतं, गुण मोजताना वाद नको. बत्तीस बोअरच्या वॉडकटरवर २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल हा अख्खा स्पर्धाप्रकार उभा आहे. त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची हत्यारं चालतात, रिव्हॉल्व्हरही चालतं. मॅग्नम काडतुसांना मात्र बंदी आहे. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही, म्हणून आपल्याकडे त्याची चर्चा कमी होते. पण १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत अशोक पंडित यांनी सेंटर फायरमध्ये सुवर्ण मिळवलं, आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. पंडित मुंबईचे. त्यांचा मुलगा रोनक पंडितही पिस्तुलात राष्ट्रकुल सुवर्ण मिळवून पुढे प्रशिक्षक झाला. म्हणजे सौम्य काडतुसाची परंपरा या शहराला अगदीच परकी नाही.

इथे हे का होत नाही

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही, आणि घरात काडतूस भरणं हे तयार करणंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. नववं कलम सांगतं, की एकवीस वर्षांखालच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. मात्र त्याच कलमात शिकणाऱ्यांसाठी एक दार उघडं ठेवलेलं आहे. ठरलेल्या वयाच्या पुढे, ठरलेल्या अटींवर, प्रशिक्षणापुरतं हत्यार हाताळता येतं. २०१६ च्या नियमांत हे वय बारा वर्षांचं आहे, आणि जबाबदार माणूस शेजारी प्रत्यक्ष हजर हवा.

दाटीवाटीच्या शहरात हे कडक नियम मला योग्य वाटतात. भिंतीला भिंत लागलेल्या इमारतींत, गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर कोणी दारू तोलत बसावं, ही कल्पनाच नको. तरीही एक सांगावंसं वाटतं. हाताने बार भरण्याची विद्या आपल्या लोकांना नवी नाही. कोकणात रानडुकरांपासून आणि वानरांपासून शेत राखायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवणारी घरं आजही आहेत. नळीत वरून दारू ओतायची, बोळा घालायचा, गजाने ठासायचं, छर्रे, पुन्हा बोळा, मागे टोपी. इथे प्रत्येक बार हाताने भरलेला आणि प्रत्येक बाराचं माप भरणाऱ्याच्या अदमासावर. घाटकोपरच्या असल्फ्याला भेटलेले सिंधुदुर्गातले एक निवृत्त गिरणी कामगार मला म्हणाले, "आमका बापसान पयलो बार उडवूक दिलो तेव्हा नुसती दारू होती, छर्रे नाय. खांद्याक लागताच नये." म्हणजे अमेरिकेतल्या काका-मामांना जे सुचलं, ते कोकणातल्या बापालाही सुचलं होतं. परवान्याच्या बंदुकीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला ते सुचणारच.

हवेपासून सुरुवात

उपनगरांत मी पाहिल्या त्या जागा सगळ्या दहा मीटरच्या. शाळेची गच्ची, संकुलाचं तळघर, गाळे जोडून केलेली लांब खोली. साडेचार मिलिमीटरच्या, वीस जूलपर्यंतच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. दहा मीटरला जागा कमी लागते आणि मागे जाड भिंत नसली तरी छर्रे पकडणारी पेटी पुरते. त्यामुळे मुंबईच्या जागेच्या भावात बसणारी नेमबाजी ही एवढीच. खऱ्या काडतुसांसाठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायचं. दादरला स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही रायफलचे वर्ग चालतात. बोरिवलीच्या मुलाला सकाळची फास्ट लोकल पकडून, खांद्यावर काळी पेटी घेऊन, दारातल्या गर्दीतून उतरावं लागतं. पेटीत गिटार नाही हे ओळखणारे प्रश्न विचारतात. अंधेरी-घाटकोपर मेट्रोचा स्कॅनर तर सगळ्यांच्याच डोक्याला ताप, त्यामुळे बरेच पालक रिक्षाच करतात.

बोरिवलीच्या क्लबात पहिले काही आठवडे मुलांना छर्रा मिळतच नाही. उभं राहणं, श्वास, चाप. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत राहायचं, समोर टार्गेटही नाही, पांढरी भिंत. याला 'ड्राय' म्हणतात. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असतो, म्हणजे अर्धा किलो साखरेची पिशवी बोटाने उचलावी एवढाच. पण तो दचका न देता, पुढची साइट जराही न हलू देता ओढायचा, यात मुलं रडकुंडीला येतात. एकाच हाताने धरायचं असतं, आणि पिस्तूल किलोभराचं. दहा वर्षांच्या पोराचा खांदा तेवढ्यात भरून येतो. म्हणून मुलुंडच्या ताई लहानांना दोन हात वापरू देतात, नाहीतर मनगटाखाली आधाराची घडी ठेवतात. स्पर्धेत हे चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे. वाढत्या मनगटापुढे स्पर्धेला थांबायला लावायचं, असं त्यांचं ठरलेलं आहे.

पोहायला शिकवताना गावाकडे मुलाच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडत, तसं हे हवेचं पिस्तूल. पाणी खरं, खोली खरी, फक्त बुडण्याची धास्ती काढून घेतलेली. आणि डबा कधी सोडायचा हे काठावरच्याला कळायला हवं.

आणखी एक गोष्ट मी इथे पाहिली आणि ती मला फार मोलाची वाटली. छर्रे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, रेंजवर खायचं नाही, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. लहान मुलांच्या अंगात शिसं जाणं किती वाईट, हे ताई नव्या पालकांना पहिल्याच दिवशी सांगतात. धक्का आणि आवाज यांची भीती सगळ्यांना वाटते. शिशाची वाटत नाही, कारण ते दिसत नाही. ही भीती मात्र लावूनच द्यायला हवी.

वयाच्या बाबतीत जर्मनीतली शिस्त आपल्याशी जुळणारी आहे. तिथे बाराव्या वर्षी हवेचं हत्यार, चौदाव्या वर्षी पॉइंट टू-टू, तेही देखरेखीखाली. त्याहून लहान मुलं प्रकाशकिरणाच्या बंदुकीवर शिकतात. आपल्याकडे हलक्या धक्क्याची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठी शाळा म्हणजे एनसीसी. मैदानावर पालथं झोपून, वाळूच्या पिशवीवर पॉइंट टू-टू रायफल टेकवून पाच गोळ्या, ही आठवण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत निघते. जड रायफल, बारीक गोळी, जमिनीचा आधार. त्यात दचकायला काही उरतच नाही. दादरच्या कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतूनच अंजली भागवत पुढे आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेल्या.

बत्तीस बोअर

शहरातल्या एका पंचवीस मीटरच्या रेंजवर मला एकाच सकाळी दोन शिकाऊ भेटले. एक घाटकोपरचे सराफ, पन्नाशीचे. परवान्याच्या अर्जाला आता शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी आलेले. दुसरी अंधेरीची मुलगी, अकरावीतली. तीन वर्षं एअर पिस्तूल, दीड वर्ष पॉइंट टू-टू, आणि आज पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर. शिकवणारे सर निवृत्त पोलीस.

टेबलावर बत्तीस बोअरचं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर आणि शेजारी दोन डब्या. एका डबीत देशी काडतुसं, बुडावर 'केएफ' अशी अक्षरं. ती खडकीची खूण. पुण्याचा खडकी दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. २०२१ नंतर तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. देशी बत्तीसची गोळी गोल तोंडाची, स्वसंरक्षणासाठी केलेली. दुसऱ्या डबीत बाहेरून आलेली वॉडकटर. ती महाग, म्हणून सर ती मोजून देतात. "पहिल्या दिवशी हीच," त्यांनी वॉडकटरच्या डबीवर बोट ठेवलं. "काडतूस मला भरता येत नाही, निवडता तर येतं."

सराफांची पाळी आधी. त्यांनी हत्यार घट्ट, फार घट्ट धरलं. डबल ॲक्शनचा चाप चार-पाच किलोंचा. घोडा मागे न ओढता नुसत्या बोटाने तो खेचताना पूर्ण हात थरथरला. गोळी टार्गेटच्या खालच्या कडेला लागली. दुसरी त्याहून खाली. सरांनी त्यांना थांबवलं, चक्र बाहेर काढलं, त्यांच्याकडे पाठ करून सहा कप्प्यांत काही काडतुसं आणि काही रिकाम्या पुंगळ्या घातल्या आणि चक्र फिरवून बंद केलं. "मारा." तिसऱ्या वेळी घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला. नुसतं 'टक' झालं. गोळी नव्हती, आवाज नव्हता, धक्का नव्हता, आणि तरीही नळी दोन बोटं खाली झुकली. सराफ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "हे मी केलं?" सर म्हणाले, "तुम्ही नाही साहेब, भीतीने केलं. आता घोडा अंगठ्याने मागे ओढून घ्या, चाप हलका होईल. आणि हात सैल."

मुलीचीही हीच परीक्षा झाली. तिच्या हाताला चापापर्यंतचं अंतर थोडं जास्त होतं, बोटाचं पहिलं पेर कसंबसं पोचत होतं. सरांनी मुठीवरचं लाकूड बदललं, बारीक घातलं. घोडा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मागे. पहिल्या कप्प्यात काडतूस होतं. आवाज झाला, हात वर गेला, परत जागेवर आला. तिने डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या कप्प्यात रिकामी पुंगळी. टक. नळी होती तिथेच राहिली. तिसऱ्यात काडतूस. चौथ्यात पुन्हा टक, आणि या खेपेला नळी अगदी किंचित, मला दिसलीही नसती एवढी, खाली आली. सरांना दिसली. "बस," ते म्हणाले, आणि रिव्हॉल्व्हर तिच्या हातातून घेऊन रिकामं केलं. दोनच गोळ्या. मुलीचा चेहरा उतरला. अंधेरीहून एवढं लांब येऊन दोन गोळ्या.

नंतर चहा घेताना मी सरांना विचारलं, आणखी चार मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "पहिलीला ती मोकळी होती. चौथ्याला ती वाट बघायला लागली. तिथून पुढची प्रत्येक गोळी तिला घाबरायचा सरावच देणार. तो सराव माझ्या हातून का व्हावा?" मग त्यांनी तिला पुन्हा पॉइंट टू-टूवर उभं केलं, तीस गोळ्या मारायला लावल्या आणि हसतमुखाने घरी पाठवलं. दिवसाची शेवटची आठवण हलक्या हत्याराची असावी, हा त्यांचा नियम.

घाई कोणाची

फिरताना मला मुलांमध्ये फारशी घाई दिसली नाही. ती आहे पालकांना. 'रिव्हॉल्व्हर कधी' हा प्रश्न प्रत्येक क्लबात बापाच्या तोंडून येतो. यामागे नुसती हौस नसते. नेमबाजी महाग आहे. परदेशी एअर पिस्तुलावर एका घराची बचत जाते, आणि मग पदक कधी, निवड कधी, अकरावीच्या प्रवेशात खेळाडूचा कोटा मिळेल का, हे हिशेब सुरू होतात. जिल्हा, राज्य, मग मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, अशा पायऱ्या असतात. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा भरते ते दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष तेच. प्रत्येक पायरीला वयाचा गट आणि किमान गुण असतात. त्या गुणांकडे बघत मुलाला एकेक हत्यार लवकर पुढे ढकललं जातं.

माझं स्पष्ट मत आहे, की यात नुकसान गुणांचंही होतं. पुण्याची अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत या दोघींनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणि रौप्य घेतलं, २०१४ ला ग्लासगोमध्ये तीच दोन पदकं उलट क्रमाने. दोघीही लढल्या पॉइंट टू-टूवर. पुढे कोपराच्या दुखापतीतून उठून राहीने २०१८ ची आशियाई स्पर्धा जिंकली, नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकाराच्या जलद फेरीत टार्गेट सात सेकंद पाठ फिरवून असतं आणि तीन सेकंदच समोर येतं. हात पंचेचाळीस अंशांत खाली असतो, तो उचलून, थांबवून त्या तीन सेकंदांत गोळी सोडायची. इथे ज्याच्या मनात धक्क्याचा विचार डोकावला त्याची वेळ संपली. जगातल्या सर्वोच्च पातळीवरही मोठं हत्यार लागत नाही, न दचकणारा हात लागतो. मग आठवीतल्या मुलीला मोठ्या बोअरकडे कशासाठी पळवायचं?

आणि एक मागणी मी या लेखातून करतो. दहिसरपासून मुलुंडपर्यंतच्या मुलांसाठी पंचवीस मीटरची एखादी सार्वजनिक, पोलिसांच्या देखरेखीखालची रेंज उपनगरात हवी. रेंज हाताशी असली की एका फेरीत दोन गोळ्या मारून परत जाणं परवडतं. दोन तासांचा प्रवास करून आलेल्या मुलाला दोन गोळ्यांवर थांबवणं फार थोड्या शिक्षकांना जमतं, आणि थोड्या पालकांना पटतं. काडतूस हलकं करण्याची सोय आपल्याला नाही, आणि नसलेलीच बरी. निदान वेळ सैल करण्याची सोय तरी असावी.

अंधेरीच्या मुलीच्या आईला मी परवा फोन केला होता. सरांनी तिला सध्या पॉइंट टू-टूवरच ठेवलंय, रोज घरी अर्धा तास ड्राय, भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या आजींना वाटलं होतं ती काही व्रत करतेय. सहामाही झाली की पुन्हा रिव्हॉल्व्हर, वॉडकटरच, आणि या खेपेला सहा कप्प्यांत एकच काडतूस घालणार आहेत.